खाली ठेवलेलं तसराळं

“मी ठेवलं होतं ते तसराळं खाली... मीच! फरशी पुसायची होती म्हणून खिडकीतून उचललं, दाराजवळच्या स्टुलावर ठेवलं आणि... आणि विसरून गेले!”

दवाखान्याच्या त्या लांबट, औषधांच्या वासाने कोंदलेल्या खोलीत हे शब्द तिच्या तोंडून निघाले, आणि आपला आवाज एवढा स्थिर कसा राहिला याचं तिचं तिलाच नवल वाटलं! समोरच्या खाटेवर पाच-सहा वर्षांची बिट्टी पडली होती. उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला, मानेवर मलमाचा जाड लेप, ओठ कोरडे पडलेले... आणि खाटेच्या पायथ्याशी, जमिनीवरच, बिट्टीचा बाप बसला होता. पोलादावर नक्षी उठवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. सगळा बाजार त्याला नुसतं ‘नक्षीकार’ म्हणायचा. तो नक्षीकार आपल्या दोन्ही तळहातांकडे टक लावून बघत होता, आणि मघापासून एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारत होता.

“मी वर फळीवर ठेवलं होतं ना गं? वरच ठेवलं होतं ना मी? मला आठवत नाही... काही म्हणजे काही आठवत नाही! या हातांनी जर ते खाली ठेवलं असेल, तर हे दोन्ही हात मी त्यातल्याच तेजाबात बुडवीन. बघशील तू!”

तो नुसतं बोलत नव्हता, हे तिला पुरतं ठाऊक होतं. बिट्टीची आई तापाने गेली, तेव्हा याच माणसाला विहिरीच्या काठावरून शेजाऱ्यांनी ओढून आणलं होतं. बिट्टीची आई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. बहिणीची लेक उघडी पडू नये म्हणून तिने स्वतःचं जवळपास ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि या घरात पाऊल टाकलं होतं. बिट्टीची ती जन्मापासूनची मावशी. आता नावाला सावत्र आई झाली, तरी हाक तीच राहिली होती. त्या पोरीला आता धड हात उरला नव्हता. उद्या बापही उरला नाही तर?

खरं काय घडलं, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

घराची पुढची खोली हाच त्याचा कारखाना. तिथे तो पोलादाची तबकं, सुऱ्यांची पाती, पेट्यांची झाकणं आरशासारखी घासून घ्यायचा, त्यांवर मेणाचा पातळ थर चढवायचा आणि सुईने त्या मेणात वेली, पानं, पाखरं रेखायचा. मग तो पत्रा तेजाबात. तेजाब मेणाला शिवत नाही. सुईने जिथे मेण खरवडलंय, तेवढंच पोलाद ते खातं, आणि धुवून पुसलं की नक्षी कायमची उमटलेली असते. वाफा डोक्यात जाऊ नयेत म्हणून तेजाबाचं तसराळं तो खिडकीतल्या उंच फळीवर ठेवायचा. त्या दिवशी वारा सुटला, खिडकीची झडप आपटायला लागली, आणि नेमकं त्याच वेळी रस्त्यावरून गिऱ्हाइकाने हाक मारली. त्याने तसराळं उचललं, दाराजवळच्या स्टुलावर टेकवलं आणि ‘आलो, आलो!’ म्हणत तो बाहेर गेला.

ती मागच्या अंगणाच्या उंबऱ्यात कपडे पिळत बसली होती. आतली दारं उघडी होती. तिने ते पाहिलं. ‘ते उचलायला हवं,’ असं तिच्या मनातही आलं. ‘एवढी चादर पिळते आणि उठते...’

चादर अर्धी पिळून झाली होती, तेवढ्यात ती किंकाळी आली!

कपड्यांची बादली घेऊन ती धावली, आणि सगळं पाणी तिने पोरीच्या अंगावर ओतलं. पुन्हा भरून आणलं, पुन्हा ओतलं. स्वतःच्या बोटांची सालं निघाली, त्याचं भान तिला कुठलं! त्या पाण्यामुळे चेहरा वाचला, असं डॉक्टर म्हणाले. पण त्या घालमेलीत ते कुणाच्या कानांवरून गेलं, कुणाच्या कानांत शिरलंच नाही.

आणि आता ती म्हणाली होती, “मीच ठेवलं.”

नक्षीकाराने हळूहळू मान वर केली. त्याच्या डोळ्यांत तिने जे पाहिलं, ते ती पुढे कधीच विसरू शकली नाही. आधी तिथे सुटका दिसली. गळ्याभोवतीचा फास कुणीतरी सैल करावा, तशी निखळ, लहान मुलासारखी सुटका! आणि ती सरली तसा तिच्या मागून द्वेष वर आला, गोठलेला, थंड... तो मग तिथून हललाच नाही.

तिने नजर वळवली. बिट्टी जागी होती. पोरगी तिच्याकडेच बघत होती... तिने सगळं ऐकलं होतं.

*

नक्षीकाराने तिच्यावर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. तसं केलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं! घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, “यापुढे कारखान्यात पाऊल टाकायचं नाही.” आणि आपलं अंथरूण उचलून तो पुढच्या खोलीत गेला. लग्नानंतर तिथे बसून ती मेणाचा थर द्यायला शिकली होती. पत्रा अलगद तापवून मेण असं पसरायचं, की कुठे जाड नाही, कुठे उघडं नाही. तिचा हात बसला तेव्हा तो खुशीत येऊन म्हणाला होता, “तुझा थर आणि माझी सुई... चल, जग जिंकू!” त्या दोन-चार महिन्यांत नवराबायकोचं काहीतरी नुकतं कुठे अंकुरत होतं. ते तिथेच करपलं. स्वतःचं मूल तिला कधी झालं नाही. होणार तरी कसं?

बिट्टी तिच्या हातून वेणी घालून घेईना. जखमेवर मलम लावायला ती जवळ गेली, की पोरगी भिंतीकडे सरकायची. “तू नको! बाबा लावतील!” शेजारी एक शिंपीणबाई राहायची. जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार. बिट्टीची वेणी घालायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं, आणि वेणी घालता घालता, पोरीला कळत नाही अशा समजुतीने, ती गल्लीतल्या बायकांना सांगायची, “स्वतःच्या पोटचं असतं, तर ठेवलं असतं का हो असं खाली? काय मनात होतं कुणाच्या, देव जाणे!”

पोरीला सगळं कळत होतं. कानांतून गेलेलं ते विष तिच्या हाडांत उतरत होतं.

आणि मावशी? ती धुणं धूत होती, घर सारवल्यासारखं लख्ख ठेवत होती, दोघांची ताटं वाढून कारखान्याच्या दाराशी नेऊन ठेवत होती. बिट्टीच्या उजव्या हाताची बोटं आखडून एकमेकांना चिकटली होती, म्हणून बापाने तिच्या डाव्या हातात सुई दिली. पहिल्या दिवशी पोरीने मेणात ओढलेली रेघ बेडकासारख्या उड्या मारत गेली, आणि बाप म्हणाला, “ही वेल आहे की वेलीला उचकी लागलीय?” बाप-लेक खो खो हसत सुटली. बंद दाराच्या अलीकडे, हातात रिकामी ताटं घेऊन, मावशीही हसली... पदराचा बोळा तोंडात कोंबून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहू लागले. माझ्या एका शब्दाने ही लेक बापाची राहिली, हा बाप लेकीचा राहिला. मग माझं काय गेलं? असं ती स्वतःला विचारायची, आणि उत्तर यायच्या आत कामाला लागायची.

पोर हुशार निघाली. तिच्या डाव्या हाताच्या नक्षीची गिऱ्हाइकं बापाच्या नक्षीहून जास्त मागणी करू लागली. यथावकाश तिचं लग्न ठरलं. मुलगा बस चालवायचा, शांत, समंजस. तो बिट्टीच्या हाताकडे कधी चोरून बघायचा नाही; सरळ तो हात हातात घ्यायचा. सासरी जायला निघायच्या दिवशी सामान गाडीत चढलं, आणि बिट्टी एकटीच माघारी फिरून स्वयंपाकघरात आली. मावशीला वाटलं, निरोप घ्यायला आली! हातातलं भांडं तसंच टाकून ती पुढे झाली...

“एकच विचारायचंय,” बिट्टी म्हणाली. दारातच उभी होती ती. “मुद्दाम ठेवलं होतंस?”

“नाही गं... नाही!” मावशी म्हणाली. “तुझ्या आईची शपथ, बिट्टी... असं मनातसुद्धा आणू नकोस गं माझ्या राणी!”

“माझ्या आईचं नाव तू घेऊ नकोस.”

आणि ती गेली. गाडी निघाल्याचा आवाज झाला. मावशी चुलीपाशी तशीच उभी राहिली. तिच्या बहिणीचं नावही आता तिचं राहिलं नव्हतं.

*

पुढे नक्षीकाराच्या छातीने दगा दिला. जन्मभर ओढलेल्या वाफा फुप्फुसांत मुरल्या होत्या; दोन पावलं चालला की धाप लागायची. आता त्याला आधाराशिवाय उठवेना, तेव्हा नाइलाजाने कारखान्याचं दार तिला उघडं झालं. ती त्याला उशीला टेकवून बसवायची, पाठ चोळायची, चमच्याने पेज भरवायची. तो खायचा, पण नजरेला नजर द्यायचा नाही.

एका दुपारी, खोलीत ऊन आलं असताना, त्याने तिचं मनगट धरलं. किती वर्षांनी!

“ऐक,” तो धापा टाकत म्हणाला. “आता फार दिवस नाहीत माझे. तुझ्याशी वाईट वागलो मी. पण पोरीचा तो हात बघितला की... की माझं डोकं फिरायचं. जाऊ दे. आज मनावर ओझं नको. तुला... माफ केलं मी.”

तिच्या छातीत एकदम वावटळ उठली. माफ! कुणी कुणाला माफ केलं? इतक्या वर्षांचं सगळं, बंद दार, उष्टी ताटं, पोरीची ती नजर, शिंपीणबाईचं कुजबुजणं, सगळं एकवटून तिच्या जिभेवर आलं. ‘अहो, ते मी नव्हते... तुम्ही होतात!’ शब्द दातांपर्यंत आले. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. माफी देऊन मोकळा झालेला तो चेहरा किती निवांत दिसत होता! ओझं उतरवून झाडाखाली टेकलेल्या वाटसरूसारखा... त्या ओझ्याच्या जागी पुन्हा डोंगर ठेवायचा?

तिने दात घट्ट आवळले. त्याच्या हातावर आपलं कपाळ टेकवलं.

“उपकार झाले तुमचे,” ती म्हणाली. आणि मग मात्र इतकी रडली, इतकी रडली, की तोच उलट तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला, अपराध्याला क्षमा केल्याच्या अपार करुणेने. त्यानंतर आठवडाभरात तो गेला.

बिट्टी आली. बापाच्या छातीवर पडून तिने हंबरडा फोडला, पण मावशीकडे वळून पाहिलं नाही. निघताना बापाच्या सुया, घासणीचे दगड आणि भिंतीवरचा त्याचा फोटो, एवढं तिने नेलं. रिकाम्या झालेल्या भिंतीवर फोटोचा चौकोन तेवढा पांढरा राहिला. मावशीने तो कारखाना झाडला, पुसला, आणि इतक्या वर्षांनी तिथे निवांत बसायला मिळालं तर कुणासाठी बसायचं, हेच तिला कळेना.

*

असेच काही महिने गेले. दुपार कलत आली होती. ती ओसरीत धान्य निवडत होती, आणि दारात सावली पडली म्हणून तिने मान वर केली. दारात बिट्टी उभी होती. केस विस्कटलेले, कडेवर तिची तीन वर्षांची लेक झोपलेली, आणि तोंड असं पांढरंफटक, की मावशीच्या हातातलं सूप खाली पडलं.

“काय झालं? पोरीला काय झालं?”

“काही नाही... काही झालं नाही तिला,” बिट्टी म्हणाली, आणि उंबऱ्यातच खाली बसली. “होता होता राहिलं, मावशी!”

मावशी! किती वर्षांनी ती हाक! पण बिट्टी बोलत होती, थांबत नव्हती. बांध फुटल्यासारखी बोलत होती.

“काल सकाळी मी तसराळं फळीवर ठेवायला निघाले होते. तेवढ्यात फोन वाजला. मी म्हटलं, एवढा फोन घेते... आणि खाली ठेवलं. खाली, मावशी! बाकावर! मी, जिचा हात असा झालाय ती! फोनवर दोन शब्द बोलले असेन, वळून बघते तर ही टाचा उंचावून उभी, आणि हिची बोटं काठाला... मी कशी झेप घेतली, मला माहीत नाही. आम्ही दोघी पलीकडे जाऊन पडलो. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण मला काल दिवसभर पाणी गिळवेना गं! मी तिची आई आहे. नऊ महिने पोटात वाढवलीय. जीव आहे माझा तिच्यात. आणि तरी माझ्याच या हाताने मी ते खाली ठेवलं... एका क्षणात! मुद्दाम ठेवलं का मी? कुणी मला विचारलं असतं तर? माझ्या लेकीनेच मोठी होऊन विचारलं असतं तर?”

तिने तो आखडलेला हात तोंडावर घेतला.

“मी तुला विचारलं होतं, मावशी. जाताना, त्या दारात उभी राहून... आणि तू आईची शपथ घेतलीस तर मी काय बोलले! इतकी वर्षं तू या घरात कशी राहिलीस गं? का नाही निघून गेलीस? मला माफ कर... मला माफ कर गं, माझ्या तोंडून गेलं ते सगळं...”

मावशीने तिला उराशी घेतलं. किती वर्षांनी त्या देहाचा स्पर्श झाला होता! ती लहानगी, केसांत मेणाचा वास घेऊन फिरणारी बिट्टी. आता तिच्या कपाळावर एक पांढरा केससुद्धा होता. “असं बोलू नये, बाळा... होतं गं. कुणाच्याही हातून होतं,” ती थोपटत म्हणत राहिली. “माणसाचं लक्ष एक क्षण ढळतं. तुझ्या बाबांच्या हातूनसुद्धा झालं असतं...”

बिट्टीने मान वर केली. रडता रडता ती हसली, अगदी पुसटसं. नाही म्हणून मान हलवली.

“बाबांच्या हातून नसतं झालं. तुला माहीत आहे ना, कसे होते ते? काल मी त्यांच्या फोटोकडे बघूच शकले नाही. एवढं शिकवलं मला, आणि मी... पण आज सकाळी वाटलं, ते असते तर म्हणाले असते, जा, आधी मावशीला भेटून ये. म्हणून आले.”

 मावशीने झोपलेल्या पोरीच्या तोंडावरचे केस मागे सारले. आता तर तो माणूस या जगात नव्हता. आता बोललं तर कुणाचं काय बिघडणार होतं? एकच वाक्य... आणि ती निर्मळ झाली असती, जन्माचा डाग धुतला गेला असता! पण तिच्यासमोर बिट्टीचे डोळे होते. या पोरीजवळ बापाने दिलेलं काय काय होतं! त्याची सुई, त्याचा थट्टेखोर आवाज, डाव्या हाताला त्याने लावलेलं वळण... त्याच बापाच्या हाताने आपला उजवा हात नेला, हे कळल्यावर ती उद्या सुई धरेल? त्या फोटोखाली बसेल? आणि खरं सांगायचं तर, ती अर्धी पिळलेली चादरही मावशीच्या मनातून कधी गेली नव्हती. पाहिलं होतं, आणि उठले नव्हते... माझा वाटा नाही, असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

“खरंय,” ती म्हणाली.  “त्यांच्या हातून नसतं झालं.”

बिट्टीने आपला आखडलेला हात तिच्या मांडीवर ठेवला. त्या चिकटलेल्या बोटांवरून, मनगटावरच्या सुरकुतलेल्या कातडीवरून, मावशीने हळूच हात फिरवला. ज्या जखमेवर तिला कधी मलमाचं बोट लावू दिलं नव्हतं, तिच्यावर तिने वाकून ओठ टेकवले, आणि मग दोघींचंही रडणं थांबेना. त्या आवाजाने पोरगी जागी झाली. या अनोळखी म्हातारीकडे तिने डोळे चोळत बघितलं, आणि गंभीरपणे विचारलं, “ही पण पडली का?”

“हो गं,” बिट्टी नाक पुसत म्हणाली, “आपल्याआधीच पडली. आपण उचलूया हिला.”

त्या रात्री तिघी तिथेच राहिल्या. सकाळी बिट्टीने न विचारताच मावशीचे कपडे पिशवीत भरायला घेतले. “माझ्या कारखान्यात मी कामाला बसले की हिच्यावर डोळा ठेवणारं माणूस हवंय मला,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.” मावशीने पोरीला कडेवर घेतलं. ज्या हातांपासून एक लेकरू जन्मभर दूर ठेवलं गेलं, त्याच हातांत त्या लेकराचं लेकरू बिनदिक्कत देऊन बिट्टी कुलूप शोधायला गेली होती!

गल्लीत शिंपीणबाई आपल्या दारात मशीनला तेल घालत बसली होती. आता तिचीही पाठ वाकली होती, पण जिभेला गंज चढला नव्हता.

“अगंबाई! सकाळी सकाळी सामान घेऊन? आणि ही कुठे निघाली तुझ्याबरोबर?”

बिट्टीने पिशवी खांद्यावर सरकवली. “आईला घरी नेतेय माझ्या,” ती सहज म्हणाली, आणि चालू लागली.

शिंपीणबाईच्या हातातलं तेलाचं भांडं तसंच कलतं राहिलं. मावशीला मात्र पाऊल उचलेना. कडेवर पोर, डोळ्यांपुढे सगळं अंधुक... तिने मागे वळून पाहिलं. कारखान्याची खिडकी बंद होती, दाराला नुकतंच लावलेलं कुलूप अजून हलत होतं.

‘ऐकलंत?’ ती मनातल्या मनात म्हणाली. ‘तुमची लेक तुमचीच राहिली हो... आणि मलाही मिळाली!’

“आजी, चल ना!” कडेवरची पोर तिच्या मानेला हात घालत म्हणाली. आणि ती चालू लागली.